गणितातील विस्मय : फैजी, नेहरू आणि कापरेकर

१

गणिताविषयी लिहिताना ‘चमत्कार’, ‘अद्भुत’, ‘विस्मय’ हे शब्द फार सहजपणे योजिले जातात. गणिताची गोडी लावण्याच्या हेतूने लिहिलेल्या बहुतेक ग्रंथांच्या प्रस्तावनांत, अभ्यासक्रमाने या विषयातील रस शोषून घेतला असून तो वर्गाबाहेरच शोधावा लागतो, असे विधान कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते. या विधानात तथ्य आहे, यात शंका नाही. परंतु हा रस नेमका कशात असतो, तो वाचकापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो, आणि विस्मयाच्या नावाखाली पुष्कळदा निराळीच एखादी भावना तर जागृत केली जात नाही ना, याची चिकित्सा मराठीत क्वचितच झालेली आहे. साहित्यशास्त्राने नवरसांची बारकाईने छाननी केली. गणितविषयक लेखनाकडे मात्र त्या दृष्टीने पाहिले गेले नाही.

अशा चिकित्सेसाठी तीन लेखनव्यवहार एकमेकांशेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. पहिला अबुल फैज फैजी याने १५८७ मध्ये पूर्ण केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतराचा, हाच फैजी पुढे १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून दक्षिणेत आला आणि अहमदनगरास बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी राहिला. दुसरा, अहमदनगरच्या किल्ल्यात १९४४ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथातील प्राचीन भारतीय गणितावरील प्रकरणाचा. तिसरा, शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शाळामास्तरकी करणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या अंकशोधनाचा. (ही देवळाली नाशिकजवळची, राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा नव्हे.) हे तिघेही रूढ अर्थाने विद्यापीठीय गणितज्ञ नव्हते. एक कवी, एक राजकारणी व इतिहासाचा व्यासंगी, आणि एक शालेय शिक्षक. तिघांनाही गणितात काहीतरी अलौकिक आढळले. मात्र त्या अलौकिकाचे स्थान तिघांच्या लेखनात तीन ठिकाणी आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा विषय हा स्थानभेदच होय.

२

प्रथम कसोटी निश्चित करणे आवश्यक आहे. भरताने अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय हा सांगितला आणि त्याच्या विभावांत दिव्य जनांचे दर्शन, इच्छित मनोरथाची प्राप्ती यांच्याबरोबरच माया आणि इंद्रजाल यांचीही गणना केली. विश्वनाथाने तर ‘साहित्यदर्पणा’त आपल्या एका पूर्वजाचे असे मत नमूद केले आहे की, चमत्कार हे सर्वच रसांचे सार असल्यामुळे सर्वत्र अद्भुत हाच रस मानावा. नाट्य व काव्य यांच्यापुरते पाहता इंद्रजालाने झालेला विस्मय आणि इतर विस्मय यांत भेद करण्याचे कारण नाही. प्रेक्षकाच्या चित्ताचा विस्तार झाला म्हणजे झाले. गणितात मात्र हा भेद करावाच लागतो. गारुड्याची हातचलाखी उघड झाली की विस्मय संपतो. गणितातील विस्मय उपपत्ती कळल्यानंतर संपत असेल, तर तोही इंद्रजालाच्याच कोटीतील ठरेल.

या बाबतीत ॲरिस्टॉटलने ‘मेटॅफिजिक्स’च्या आरंभी केलेले एक निरीक्षण मार्मिक आहे. ज्ञानाचा आरंभ विस्मयात होतो हे त्याचे मत सर्वश्रुत आहे. पण त्यापुढे तो चौरसाच्या कर्णाचे उदाहरण घेतो. चौरसाची बाजू आणि कर्ण यांना सामाईक माप नाही, हे ऐकून अनभिज्ञ माणूस चकित होतो. परंतु ज्याला भूमिती अवगत आहे तो, कर्ण मोजता आला असता तरच चकित झाला असता. म्हणजे ज्ञानाने विस्मय नष्ट होत नाही, त्याची दिशा पालटते. गणितविषयक लेखनाची कसोटी यावरून अशी मांडता येईल : ते लेखन वाचकाच्या विस्मयाची दिशा पालटण्याइतपत त्याला विषयाच्या आत नेते काय? की त्याला दारातच उभे करून आतील वैभवाचे वर्णन ऐकविते?

३

‘लीलावती’ हा ग्रंथ भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा पहिला भाग. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, तो रचला. सहस्ररश्मीप्रमाणे स्थिर झालेल्या त्यांच्या कीर्तीत एका कथेचा वाटा मोठा आहे. भास्कराचार्यांच्या कन्येच्या जातकात वैवाहिक सुख नव्हते. तो योग टाळण्यासाठी पित्याने एक विशिष्ट मुहूर्त काढला आणि तो साधण्यासाठी घटिकापात्र पाण्यात सोडले. कुतूहलाने त्यात डोकावणाऱ्या मुलीच्या अलंकारातील एक मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. तिच्या सांत्वनासाठी पित्याने तिच्या नावाचा, काळाच्या अंतापर्यंत टिकणारा ग्रंथ लिहिला. आज प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असलेली ही कथा फैजीच्या भाषांतराच्या प्रस्तावनेतून प्रसृत झालेली आहे. त्याच प्रस्तावनेत फैजीने भास्कराचार्यांचे गाव बिदर असल्याचे म्हटले आहे. खानदेशातील पाटण येथील शिलालेख व आचार्यांनी स्वतः केलेला सह्याद्रीच्या परिसराचा निर्देश लक्षात घेता ते मत ग्राह्य धरता येत नाही.

फैजी हा मुळात कवी. अहमदनगरास असतानाही त्याची दृष्टी कवीचीच राहिली. तेथून बादशहाला पाठविलेल्या पत्रांत त्याने मलिक कुम्मी व जुहूरी या दरबारी कवींची आवर्जून वाखाणणी केली आहे. अशा लेखकाला ‘लीलावती’च्या दारावर एक कथा उभी करावीशी वाटली, यात नवल नाही. ती कथा सुंदर आहे, आणि तिच्यामुळे ग्रंथाचे नाव शतकानुशतके लोकांच्या ओठांवर राहिले, हेही खरे. परंतु समीक्षकाने विचारावयाचा प्रश्न असा की, या कथेतील अद्भुत कोठे आहे? ते पात्रात पडलेल्या मोत्यात आहे, दैवाच्या अटळपणात आहे. गणितात ते नाही. घटिकापात्राच्या छिद्राचा आणि पाण्याच्या गतीचा जो हिशेब खरोखर विचार करण्याजोगा होता, तो कथेत केवळ निमित्तमात्र आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा त्या मुलीच्या चित्रणाचा आहे. कथेतील लीलावती गणित करीत नाही. ती डोकावते, तिचा मोती पडतो, तिचे आयुष्य उद्ध्वस्त होते आणि तिला एक ग्रंथ सांत्वनादाखल मिळतो. मूळ संस्कृत ग्रंथातील लीलावती याच्या नेमकी उलट आहे. तेथे तिला बुद्धिमती म्हणून संबोधिले आहे, आणि ते संबोधन लगेच एका प्रश्नाशी जोडलेले आहे : तुला बेरीज-वजाबाकी येत असेल तर या संख्यांची बेरीज सांग. कथेत ती करुणेचा विषय आहे; ग्रंथात ती आव्हान दिली गेलेली बुद्धी आहे. ग्रंथात अन्यत्र ‘सखे’, ‘मित्र’, ‘गणक’ अशीही संबोधने येतात, त्यावरून हे आव्हान एकट्या मुलीला उद्देशून नसून प्रत्येक वाचकाला आहे, हे स्पष्ट होते. फैजीच्या प्रस्तावनेने जगाला लीलावती दिली, पण तिच्या हातातील पाटी काढून घेतली.

ग्रंथातील अद्भुत कसे कार्य करते, हे एका उदाहरणावरून दिसेल. चक्रवाक व क्रौंच पक्ष्यांनी गजबजलेल्या सरोवरात पाण्याच्या वर अर्धा हात आलेले एक कमळ आहे. वाऱ्याने ते हळूहळू कलते आणि मूळ जागेपासून दोन हात अंतरावर पाण्यात बुडते. पाण्याची खोली किती? वाचकाजवळ खोली मोजण्याचे कोणतेही साधन नाही. जे काही घडले ते पाण्याच्या पृष्ठभागावरच घडले. तरीही उत्तर निश्चित आहे. देठाची लांबी बदलत नाही, म्हणून ती खोलीपेक्षा अर्ध्या हाताने अधिक असून काटकोन त्रिकोणाचा कर्ण होते. खोली आणि दोन हात या त्याच्या भुजा. दोहोंचा वर्ग चार, अर्ध्याचा वर्ग पाव, वजाबाकी पावणेचार, तिला अर्ध्याच्या दुपटीने, म्हणजे एकाने, भागिले असता खोली पावणेचार हात येते. बुडालेल्या गोष्टीचे माप न बुडता मिळाले. येथे पक्षी, वारा आणि कमळ ही सजावट नव्हे. वाऱ्याने कमळ कलले नसते तर प्रश्नच सुटला नसता. जे काव्यातील क्षणभंगुर दृश्य तेच गणितातील एकमेव साधन झाले आहे. काव्य आणि गणित एकाच वस्तूत असे मिसळण्याची उदाहरणे अन्य वाङ्मयांतही विरळाच.

ग्रंथाच्या शेवटच्या ‘अंकपाश’ या प्रकरणात हा विस्मय आणखी एका रूपाने येतो. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे परस्परांत बदलून धरली, तर मूर्तीचे किती भेद होतील? आणि हरीच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा, पद्म यांचे किती? दुसऱ्याचे उत्तर २४, पहिल्याचे ३६,२८,८००. चारांवरून दहांवर गेले असता चोविसांचे छत्तीस लाखांवर होते, ही झेप कल्पनेला पेलत नाही, पण साध्या गुणाकाराने ती पडताळता येते. या प्रकरणात गुणक, भाजक, वर्ग, घन यांपैकी काहीही विचारलेले नाही, तरी गर्विष्ठ गणकाचा येथे पाडाव होतो, अशा अर्थाचे उद्गार खुद्द आचार्यांनीच काढले आहेत. पाठ केलेल्या रीतींच्या पलीकडे विषय आहे, ही जाणीव बाराव्या शतकातील पाठ्यग्रंथातच अशी नोंदविलेली आहे.

पाठ्यग्रंथ हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. ‘लीलावती’ अनेक शतके पाठशाळांतून शिकविली गेली. ती अभ्यासक्रमाबाहेरची नव्हती, तीच अभ्यासक्रम होती. त्यामुळे विस्मय वर्गाबाहेर असतो आणि कंटाळा वर्गात, ही सोपी विभागणी टिकत नाही. भेद स्थळाचा नसून रीतीचा आहे.

४

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाल्यानंतर नेहरूंना काँग्रेस कार्यकारिणीच्या अन्य सदस्यांसह अहमदनगरच्या किल्ल्यात आणण्यात आले. मार्च १९४५ पर्यंत ते तेथे होते. मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, शंकरराव देव आदी बारा जणांच्या या सहवासात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी’ लिहिली गेली; १९४६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात प्राचीन भारतीय गणितावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. केंब्रिजला निसर्गविज्ञानाचा अभ्यास केलेल्या, परंतु गणिताचा व्यवसाय कधीही न केलेल्या एका बंदिवानाने, राष्ट्राचा इतिहास लिहीत असताना शून्य आणि स्थानमूल्य यांच्यासाठी पाने राखून ठेवावीत, ही गोष्ट स्वतःच लक्षणीय आहे. राजे आणि लढाया यांच्या बरोबरीने एक चिन्ह हाही इतिहासाचा विषय असू शकतो, हा विचार त्या काळच्या सामान्य इतिहासग्रंथांत फारसा आढळत नाही.

या प्रकरणाची रचना पाहता त्याचे बळ आणि उणीव दोन्ही ध्यानात येतात. विभूतिभूषण दत्त व अवधेश नारायण सिंह यांच्या हिंदू गणिताच्या इतिहासाचे ऋण मान्य करून नेहरू वैदिक वेदींच्या भूमितीपासून आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्यापर्यंतचा आणि पुढे बगदादमार्गे युरोपात गेलेल्या अंकांच्या प्रवासाचा आलेख देतात. परंतु शून्याच्या शोधाचे महत्त्व सांगण्याची वेळ येते तेव्हा ते स्वतः बोलत नाहीत. हॉलस्टेड, डान्ट्सिग यांसारख्या पाश्चात्त्य लेखकांचे भारलेले उद्गार ते उद्धृत करतात. वाचकाला शून्याविषयी विस्मय वाटतो तो इतरांना तो वाटला म्हणून. हा उसना विस्मय होय. संपूर्ण प्रकरणात एकही उदाहरण सोडवून दाखविलेले नाही.

यासाठी मोठी सामग्री लागली असती असेही नाही. मण्यांच्या चौकटीवर तीनशे सात ही संख्या मांडली तर शतकाच्या तारेवर तीन मणी, दशकाची तार रिकामी आणि एककाच्या तारेवर सात मणी येतात. चौकटीवर रिकामी तार दिसते, म्हणून तिला नाव देण्याची गरज पडत नाही. पण तीच संख्या धुळपाटीवर उतरविली की तार नाहीशी होते, आणि तीन व सात यांच्यामध्ये काही नव्हते, हेच लिहून ठेवावे लागते. जे नाही त्याची जागा राखणारे चिन्ह, आणि मग त्या चिन्हालाच संख्या मानून त्याची बेरीज-वजाबाकी करणे, या दोन पायऱ्यांत शून्याचे सारे नवल सामावले आहे. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त शून्याने भागिलेल्या राशीची तुलना अच्युताशी केली आहे : सृष्टीच्या उत्पत्तिकाळी असंख्य जीव त्याच्यातून निघाले आणि प्रलयकाळी त्याच्यात शिरले, तरी त्याच्यात विकार होत नाही, तसेच या राशीत कितीही मिळविले वा वजा केले तरी फरक पडत नाही. आधुनिक गणित शून्याने भागाकार करण्यास परवानगी देत नाही. पण उपमा म्हणून पाहता ती केवळ स्तुतिपर नाही. ती त्या राशीचा एक नेमका गुणधर्म सांगते. नेहरूंनी उद्धृत केलेल्या स्तुतिवचनांत हा नेमकेपणा नाही.

तथापि या प्रकरणाचा निवाडा एवढ्यावरच करणे अन्यायाचे होईल. प्रकरणाच्या शेवटी नेहरू श्रीनिवास रामानुजनकडे वळतात. मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकून, फावल्या वेळात संख्यांशी खेळणारा, केंब्रिजला नेला गेलेला आणि वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी १९२० मध्ये मरण पावलेला हा तरुण त्यांना देशस्थितीचे प्रतीक वाटतो. कोट्यवधींपैकी किती थोड्यांना शिक्षण मिळते, किती जण उपासमारीच्या काठावर जगतात, आणि त्यांना संधी मिळाली असती तर त्यांतून किती बुद्धी वर आल्या असत्या, असा प्रश्न ते करतात. ग्रंथाच्या आरंभीच बंगालमधील १९४३ च्या दुष्काळाचा उल्लेख आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाची धार कळते. येथे विस्मय उसना राहत नाही. एका माणसाच्या बुद्धीविषयीचे नवल, न दिसलेल्या असंख्य बुद्धींविषयीच्या खेदात परिणत होते. गणिताच्या आत न जाताही गणितविषयक विस्मयाला नैतिक अर्थ कसा येतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

या ग्रंथाचे एक महत्त्वाचे परीक्षण १९४६ मध्ये दामोदर धर्मानंद कोसंबी या गणितज्ञानेच लिहिले. मात्र त्यांचा रोख वर्गविश्लेषणावर होता, हे परीक्षणाच्या शीर्षकातील भांडवलदार वर्गाच्या उल्लेखावरूनच कळते. गणिताच्या प्रकरणाची वाङ्मयीन चिकित्सा त्यामुळे करावयाची राहूनच गेली.

५

फैजी आणि नेहरू यांच्या लेखनात जे कमी पडते तेच कापरेकरांजवळ विपुल आहे. डहाणू येथे १९०५ मध्ये जन्मलेल्या कापरेकरांना फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ मध्ये, रँगलर परांजपे पारितोषिक मिळाले होते. पुढे पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. देवळालीच्या शाळेत ते शिकवीत राहिले आणि स्वखर्चाने छापलेल्या लहान लहान पुस्तिकांतून आपले शोध प्रसिद्ध करीत राहिले. स्वयंभू संख्या, हर्षद संख्या, डोंबिवली स्थानकावर सुचल्यामुळे ‘डेम्लो’ म्हणविलेल्या संख्या अशी नावे त्यांनी दिली. अनेक व्यावसायिक गणितज्ञांना हे सारे क्षुल्लक वाटले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ च्या मद्रास येथील परिषदेत जाहीर झाला आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त छापून आला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करावी, आणि उत्तरावर तीच क्रिया पुनःपुन्हा करावी; उत्तरात अग्रभागी शून्य आले तर तेही अंक म्हणून राखावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि तेथेच स्थिर राहते. फैजी अहमदनगरकडे आला ते १५९१ हे वर्ष घेतल्यास ९५११ उणे ११५९ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४, दोनच पायऱ्या. नगर शहर वसले ते १४९० हे वर्ष घेतल्यास ९२६१, ८३५२, ६१७४, तीन पायऱ्या. नेहरूंच्या लेखनाचे १९४४ हे वर्ष मात्र ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ असा लांबचा फेरा घेऊन सहाव्या पायरीला त्याच मुक्कामी पोहोचते.

येथे वाचकाला कोणाच्या साक्षीची गरज नाही. कागद, पेन्सिल आणि वजाबाकी एवढ्या भांडवलावर तो स्वतः विस्मयापर्यंत जातो. या शोधाचे खरे मोल हेच आहे. पण प्रश्न असा की, हे इंद्रजाल आहे की अद्भुत? उपपत्ती दिली असता काय उरते?

उपपत्ती अवघड नाही. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड मानले तर वजाबाकीचे उत्तर नेहमी अ व ड यांच्या अंतराची ९९९ पट अधिक ब व क यांच्या अंतराची ९० पट इतके असते. म्हणजे पहिल्या पायरीनंतर मूळ संख्येविषयी दोनच गोष्टी शिल्लक राहतात : बाहेरच्या अंकांतील अंतर आणि आतल्या अंकांतील अंतर. पहिले एक ते नऊपर्यंत असते, दुसरे पहिल्याहून मोठे असू शकत नाही. अशा जोड्या केवळ ५४ आहेत. सुमारे दहा हजार संख्यांची गर्दी एकाच वजाबाकीत चोपन्न वाटांवर येते. वाटा मोजक्या असल्यामुळे प्रवास कोठेतरी पुनरावृत्त होणार, हे आता नवलाचे राहत नाही. तसे झाले नसते तरच नवल. ॲरिस्टॉटलच्या भूमितिज्ञाची अवस्था वाचकाला येथे प्राप्त होते.

मात्र विस्मयाचा एक भाग अद्याप शिल्लक आहे. पुनरावृत्ती अटळ आहे, पण ती एकाच संख्येवर स्थिरावणे अटळ नाही. दोन अंकी संख्यांवर हीच क्रिया केली तर ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. विश्रांती मिळत नाही. तीन अंकी संख्या ४९५ वर थांबतात. पाच अंकी संख्यांना पुन्हा चक्रेच आहेत. मग तीन व चार यांनाच ही एकमेव विश्रांती का? दशमान पद्धती सोडून अन्य पायाने संख्या लिहिल्या तर काय होईल? उपपत्तीने पहिला विस्मय शमविला आणि त्याच्या जागी अधिक खोल, अधिक नेमका विस्मय उभा केला. इंद्रजाल आणि अद्भुत यांतील भेद हाच.

कापरेकरांच्या लेखनाची मर्यादाही येथेच दिसते. त्यांचा ओढा उपपत्तीपेक्षा नमुन्यांकडे, सर्वसामान्य सिद्धान्तापेक्षा संख्यांच्या व्यक्तिविशेषांकडे होता. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. अशा संख्या त्यांनी रत्नपारख्याच्या आस्थेने गोळा केल्या. यांपैकी पुष्कळ गुणधर्म दहाच्या पायावर अवलंबून आहेत, संख्येच्या स्वभावावर नव्हे, हा व्यावसायिक गणितज्ञांचा आक्षेप खोटा नाही. परंतु त्या आक्षेपावरून निघणारा ‘म्हणून क्षुल्लक’ हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. एखादे उदाहरण सिद्धान्ताला जन्म देईल की नाही, हे ते गोळा करणाऱ्याला आधी कळत नाही. शिवाय देवळालीच्या शाळेतील मुलाला सिद्धान्ताच्या दारापर्यंत नेणारी वाट उदाहरणांतूनच जाते. कापरेकरांनी ती वाट घातली. तिच्यावरून पुढे जाण्याचे काम वाचकाचे होते. फैजीने मुलीच्या हातातून काढून घेतलेली पाटी त्यांनी परत दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

६

या तिन्ही व्यवहारांच्या तुलनेतून तीन प्रकारचे विस्मय निराळे काढता येतात. पहिला कथेचा : त्याने ग्रंथ प्रसिद्ध होतो, परंतु वाचकाचे लक्ष गणितावरून दैवाकडे जाते. दुसरा कीर्तीचा : त्याने वाचकाला आपल्या परंपरेचा अभिमान वाटतो, पण अभिमान हा विस्मय नव्हे. अभिमानाला उत्तर आधीच माहीत असते, विस्मयाला प्रश्न सुचतो. तिसरा कृतीचा : तो वाचकाच्या स्वतःच्या हातून घडतो आणि उपपत्ती मागतो. पहिले दोन सर्वथा त्याज्य आहेत असे नव्हे. कथेवाचून ‘लीलावती’ घरोघरी पोहोचली नसती, आणि नेहरूंच्या अभिमानातूनच रामानुजनविषयीचा तो भेदक प्रश्न उपजला. परंतु तिसऱ्याची जोड नसेल तर पहिल्या दोहोंतून गणिताविषयी आदर निर्माण होतो, ओढ निर्माण होत नाही.

हा भेद आज केवळ तात्त्विक राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञानप्रणाली हा विषय विद्यापीठीय अभ्यासक्रमांत आला आहे, आणि भास्कराचार्य, ब्रह्मगुप्त यांची नावे पदवीच्या वर्गांत पुन्हा घेतली जात आहेत. ही इष्ट गोष्ट होय. परंतु या विषयाच्या उत्तरपत्रिकेत शून्याचा शोध कोणी लावला, एवढेच विचारले गेले, तर जे वर्गाबाहेर शोधावयाचे तेच वर्गात आणून पाठांतराच्या स्वाधीन केल्यासारखे होईल. त्याऐवजी विद्यार्थ्यापुढे कमळाचा प्रश्न ठेवावा, अंकपाशातील आयुधे मोजावयास लावावी, ‘खहरा’ला अच्युताची उपमा का शोभते आणि आजच्या गणितात ती कोठे अडते, हे विचारावे. मराठीत या दिशेने प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मंगला नारळीकर यांचे ‘गणितगप्पा’ हे पुस्तक वाचकाच्या हाती कोडे देऊनच संवाद सुरू करते. विद्यापीठीय लेखनाने त्या वाटेकडे बालवाङ्मय म्हणून पाहणे सोडले पाहिजे.

आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या नगरीच्या किल्ल्यात नेहरूंच्या वास्तव्याची खोली जतन केलेली आहे. ती पाहावयास येणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे एका महान ग्रंथाचा जन्म झाला, असे सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या ग्रंथातील गणितप्रकरण ज्या प्रश्नावर संपते, तो प्रश्न त्याला सांगितला जात नाही. न दिसलेल्या बुद्धी वर याव्यात असे वाटत असेल, तर त्यांना कीर्तीची गाथा ऐकविण्याआधी पाटी आणि पेन्सिल दिली पाहिजे. कारण गणितातील अद्भुत रसाचा आस्वाद प्रेक्षकाला मिळत नाही, तो केवळ कर्त्यालाच मिळतो.